रिव्हॉल्व्हरची हस्तनिर्मित काडतुसे

मोठ्या अंतर्व्यासाच्या (सु. ०·४ इंच व त्याहून अधिक) रिव्हॉल्व्हरसाठी घरी ओतलेली शिशाची गोळी व एकदा उडविलेले पितळी नळकांडे वापरून पुन्हा भरलेली काडतुसे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. प्रारंभी तिचा हेतू काटकसरीचा होता. पुढे मात्र जे काडतूस बनविण्यास कारखाने धजत नव्हते, ते ह्याच मार्गाने प्रथम सिद्ध झाले.

नळकांडे, प्रज्वालक टोपी, दारू व गोळी या काडतुसाच्या चार घटकांपैकी नळकांडे सर्वांत महाग असते आणि तेच अनेकदा वापरता येते. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये स्थापिलेल्या आयडियल कंपनीने सांडशीच्या आकाराचे एक अवजार प्रचारात आणले. उडालेली टोपी काढणे, नवी बसविणे व गोळी नळकांड्याच्या तोंडात घट्ट करणे ही कामे त्याने होत. काही अवजारांच्या टोकाशी गोळीचा साचाही असे. हा व्यवसाय १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे आला.

काळ्या दारूच्या काळात चूक सहसा अंगाशी येत नसे, कारण नळकांडे काठोकाठ भरले तरी दाब मर्यादेत राही. धूरविरहित दारूने ही सुरक्षितता नाहीशी केली. तिचे अल्प प्रमाण पुरेसे असल्याने नळकांडे बरेचसे रिकामे राहते व त्यात चुकून दुप्पट दारू पडली, तरी ती मावते. अशा चुकीने शस्त्र फुटून हात गमावण्याचा धोका असतो.

या विषयातील प्रमुख नाव एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांचे होय. आयडाहो राज्यातील हे गुराखी व शिकारी-वाटाडे पुढे शस्त्रविषयक लेखक म्हणून प्रसिद्धीस आले. ०·४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये जड गोळी व अधिक दारू वापरण्याच्या प्रयत्नात १९२५ च्या सुमारास त्यांचे शस्त्र फुटले. त्यानंतर ते ०·४४ स्पेशल काडतुसाकडे वळले. गोळी किंचित बारीक असल्याने त्याच आकाराच्या फिरत्या कोठाराच्या भिंती येथे अधिक जाड राहतात, हे त्याचे साधे कारण. त्यांनी आखलेली गोळी सु. १६ ग्रॅ. वजनाची, चपट्या नाकाची व वंगणासाठी खोल खाच असलेली होती. तिच्या साच्याच्या ४२९४२१ या क्रमांकातील पहिले तीन अंक गोळीचा खरा व्यास (०·४२९ इंच) दर्शवितात. ‘०·४४’ हे नाव त्या अर्थाने फसवेच आहे. कारखान्याच्या काडतुसातील गोळीचा वेग सेकंदाला सु. २३० मी. असताना कीथ यांनी तो सु. ३६५ मी. पर्यंत नेला.

एवढ्या वेगाला मऊ शिसे टिकत नाही. ते नळीतील सर्पिल खाचांत चिकटून बसते. म्हणून शिशात कथिल व अँटिमनी मिसळतात. कथिलामुळे रस साच्यात नीट भरतो व अँटिमनीमुळे गोळी कठीण होते. मुद्रणालयांतील लायनोटाइपची धातू (शिसे ८४, अँटिमनी १२ व कथिल ४ टक्के) या कामी फार उपयोगी पडे. प्रकाशजुळणी आल्यावर तिचा पुरवठा आटला. तथापि केवळ काठिण्य पुरेसे नाही. गोळी कोठाराच्या तोंडात सैल बसली, तर तप्त वायू कडेने निसटून तिचा पृष्ठभाग वितळवितात. मेण व चरबी यांचे वंगण आणि गोळीच्या बुडाशी बसविलेली तांब्याची वाटी हे त्यावरील उपाय होत.

कीथ यांनी अनेक वर्षे आग्रह धरल्यावर १९५५ च्या अखेरीस रेमिंग्टन व स्मिथ अँड वेसन या कंपन्यांनी ०·४४ मॅग्नम काडतूस व त्यासाठीचे रिव्हॉल्व्हर सिद्ध केले. जुन्या, दुबळ्या शस्त्रांत ते शिरू नये म्हणून त्याचे नळकांडे सु. ३ मिमी. लांब ठेवण्यात आले. डिक कॅसल यांचे त्याहून प्रबळ ०·४५४ काडतूसही १९५० नंतरच्या दशकात अशाच खाजगी प्रयोगांतून निर्माण झाले.

शिसे वितळविताना व टोपीतील शिशाच्या संयुगांमुळे विषबाधेचा धोका संभवतो. शिकारीच्या अवशेषांतून शिसे कॉन्डॉर गिधाडांच्या पोटात जात असल्याने कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे.