कोयनेलपासून बाळगोळीपर्यंत

मेलबर्नच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर वसलेल्या क्रेगीबर्न उपनगरातील मराठी कुटुंबाने पावसाळ्यात मुलाबाळांसह मायदेशी जाण्याचा बेत केला, आणि मुक्काम हिवतापाच्या मुलखात पडणार असला, तर डॉक्टर मुलाचे वजन पाहून प्रतिबंधक गोळीचे प्रमाण ठरवून देतात. ही गोळी मुलांपर्यंत पोहोचण्यास फार काळ लागला, आणि त्या वाटेवरचा एक मुक्काम मुंबईस पडला होता.

मुंबई शहरातील हिवतापाविषयी चार्ल्स बेंटली ह्यांचा सरकारी अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला; त्या चौकशीत मुलांची पोटे चाचपून पानथरी किती जणांस आहे ह्याची गणती केलेली होती, कारण बालकाची प्लीहा हे हिवतापाचा जोर मोजण्याचे त्या काळचे रूढ माप होते. रोगाचे माप असे मुलांवरून घेतले गेले. मात्र रोज नेमाने प्रतिबंधक औषध देण्याची मोठी परीक्षा पुढे घडली ती सैनिकांवर.

ती घडविणारे नील हॅमिल्टन फेअर्ली हे क्रेगीबर्नच्याच व्हिक्टोरिया राज्यात, इंगलवुड गावी १८९१ साली जन्मले. १९२२ साली ते मुंबईस आले, परळच्या प्रयोगशाळेत नारूसारख्या रोगांचा अभ्यास करू लागले, आणि ज्या संग्रहणीचे संशोधन चालविले होते तिनेच त्यांना गाठल्यामुळे १९२५ साली त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला. पुढे १९४२ साली जावा बेट जपानच्या कबजात जाऊन कोयनेल ह्या हिवतापावरील औषधाची जागतिक रसद तुटली, तेव्हा ऑस्ट्रेलियन सैन्यातील वैद्यकसंचालकाचे (डायरेक्टर ऑफ मेडिसिन) पद ह्याच गृहस्थांकडे आले. १९४३ पासून ऑस्ट्रेलियातील केर्न्स येथे त्यांनी स्वयंसेवक सैनिकांना हिवतापाचे डास मुद्दाम चाववून, डोंगर चढावयास लावून, थंडगार खोलीत बसवून असे सिद्ध केले की कोयनेलच्या जागी आलेल्या ॲटेब्रिन ह्या औषधाची शंभर मिलिग्रॅमची एक गोळी रोज बिनचूक घेतली तर हिवताप डोके वर काढत नाही. 'बिनचूक' ह्या एका शब्दावर सारे अवलंबून असल्यामुळे १९४४ साली ॲथर्टन येथे भरलेल्या परिषदेत गोळीची जबाबदारी वैद्यांबरोबर सेनाधिकाऱ्यांच्याही शिरावर घालण्यात आली, आणि औषध हजेरीइतकेच शिस्तीचे झाले.

बालकांची पाळी पुष्कळ उशिरा आली. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात तीन महिन्यांपासून पाच वर्षांखालील मुलांना पावसाळ्यात दरमहा तीन दिवस औषध द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली केली. पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन व अमोडायाक्विन ही औषधे सामान्यतः आरोग्यसेवकासमक्ष दिली जातात. उरलेल्या दोन दिवसांचे अमोडायाक्विन आईच्या हाती राहते. छावणीत हुकमाने होणारे काम येथे तिच्या आठवणीवर सोपविलेले असते.

क्रेगीबर्नच्या मुलाला मिळणाऱ्या एका जोडगोळीत प्रोग्वानिल हे औषध असते, आणि त्याचीही परीक्षा फेअर्लींच्या केर्न्स येथील पथकाने घेतली होती. तो हिवतापाचा मुलूख सोडल्यावरही ही गोळी सात दिवस घ्यावी लागते. म्हणून प्रवास संपून, पेट्या रिकाम्या होऊन, मूल पुन्हा शाळेत जाऊ लागले तरी, जेथे हिवतापाचा डास पिच्छा पुरवीत नाही अशा त्या घरात, आईला रोज सकाळी उरलेल्या गोळ्या मोजाव्याच लागतात.