स्वतंत्रपूर आणि शिक्षामाफीचा हिशेब

‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा चित्रपट पाहिला नाही असा मराठी माणूस माझ्या पिढीत तरी सापडणे कठीण. मात्र येथे नोएडात त्याचा विषय निघाला की बहुतेकांची, त्यात मराठी मंडळीही आली, समजूत अशी दिसते की सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर नेऊन शेती करावयास लावणारा तो जेलर ही निव्वळ कविकल्पना होय. वास्तविक पटकथाकार ग. दि. माडगूळकर हे आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे. त्यांच्या गावाशेजारीच हा प्रयोग प्रत्यक्षात घडला होता आणि त्या जागेचे नाव होते स्वतंत्रपूर.

औंध हे जेमतेम बहात्तर गावांचे, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले संस्थान. आटपाडी हा त्याचाच एक दुष्काळी तुकडा. आज तो सांगली जिल्ह्यात आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांच्या प्रचारासाठी आणि चित्रकलेसाठी प्रसिद्ध होते. परंतु प्रशासनाच्या अभ्यासकाने त्यांची आठवण ठेवावी ती वेगळ्याच कारणासाठी. जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना जाहीर केली. तिच्यामागे गांधीजींचे मार्गदर्शन होते, युवराज अप्पासाहेब पंतांचा उत्साह होता आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश ज्यू अभियंत्याची चिकाटी होती. बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यातील मोठ्या पगाराची जागा बाजूस ठेवून भारतानंद या नावाने भगवी वस्त्रे धारण केलेला हा गृहस्थ औंधास येऊन राहिला. निसर्गदत्त महाराजांची संभाषणे इंग्रजीत आणून जगापुढे ठेवणारा तो हाच. असो.

फ्रीडमन यांनी राजांकडे कैदी मागितले. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणारी माणसे आटपाडीच्या माळावर, भिंत आणि बेड्या यांच्याविना ठेवावयाची, त्यांनी जमीन कसावयाची, आणि पुढे बायकामुलांनाही सोबत आणावयाचे, अशी ही योजना होती. कुटुंबाची ही कल्पना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्रपटात ती नाही. तेथे जेलरचे दोन डोळे सहा माणसांच्या बारा हातांना धरून ठेवतात. स्वतंत्रपुरात माणसाला धरून ठेवणारी गोष्ट अधिक साधी होती : घर, चूल आणि उभे पीक.

१९४८ मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी काळातील कितीतरी चांगल्या गोष्टी विलीनीकरणाच्या फायलींत गडप झाल्या. ही वसाहत मात्र टिकली व राज्याच्या कारागृह विभागाकडे आली. पुढे येरवडा, पैठण येथे खुली कारागृहे झाली. आम्ही राहतो त्या उत्तर प्रदेशातही हा विचार फार मागे नव्हता. १९५२ च्या अखेरीस वाराणसी जिल्ह्यात चंद्रप्रभा नदीवरील धरणाच्या कामावर कैद्यांची खुली छावणी उभी राहिली. कैद्यांना बाजारभावाने मजुरी मिळे आणि तीतून त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च वळता होई. या छावण्यांना डॉ. संपूर्णानंदांचे नाव मिळाले. ते पुढे राजस्थानचे राज्यपाल असताना १९६३ साली जयपूरजवळ सांगानेर येथे त्यांच्याच नावाची छावणी निघाली, आणि तेथे कैदी कुटुंबासह राहून बाहेर कामधंदा करू लागले. आटपाडीच्या कल्पनेशी हिचे नाते उघड आहे.

येथे प्रशासनाचा खरा प्रश्न उभा राहतो. फ्रीडमनसारखा माणूस किंवा चित्रपटातला जेलर प्रत्येक तुरुंगात मिळत नाही. शासन चालते नियमावर, आणि नियमाला मोजता येईल असे काहीतरी लागते. विश्वास मोजता येत नाही. दिवस मोजता येतात. म्हणून जगभर सुधारणेचा मोबदला दिवसांतच ठरला. या हिशेबाचे मूळ १८४० साली ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर सापडते. तेथील अधिकारी अलेक्झांडर मॅकोनोची यांनी शिक्षा वर्षांत न मोजता श्रम व वर्तन यांच्या गुणांत मोजावी, असा आग्रह धरला. चार वर्षांत त्यांना परत बोलावण्यात आले, पण कल्पना उरली. आपल्या १८९४ च्या कारागृह अधिनियमात शिक्षामाफीची व्याख्या करताना ‘गुण देणे आणि त्यानुसार शिक्षा कमी करणे’ या अर्थाची जी शब्दयोजना आहे, तीत मॅकोनोचीचीच छाया दिसते.

महाराष्ट्रातील पद्धत थोडक्यात अशी. सिद्धदोष बंद्याला चांगल्या वर्तनाबद्दल आणि नेमून दिलेल्या कामाबद्दल महिन्याला काही दिवसांची माफी मिळते. विशेष कामगिरीबद्दल वेगळी, परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल वेगळी. खुल्या कारागृहात हा दर एकदम चढतो, काम केलेल्या दिवसामागे एक दिवस. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात किंमत दिसते. शासन म्हणते, तू एक दिवस असा वाग, आम्ही तुला एक दिवस देतो. व्यवहार चोख आहे. पण कोणताही व्यवहार टिकतो तो देणाऱ्याच्या पतीवर.

आणि ज्यांची शिक्षा सर्वांत लांब, नेमक्या त्यांच्याच बाबतीत ही पत कच्ची आहे. गांधी-हत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे सर्वोच्च न्यायालयात गेले. मिळवलेले माफीचे दिवस धरता आपली शिक्षा पूर्ण झाली, हा त्यांचा युक्तिवाद होता. जानेवारी १९६१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. आयुष्यातून दिवस वजा करता येत नाहीत, कारण बेरीजच ठाऊक नाही. सोडावयाचे की नाही हे शासनाने ठरवावे. अर्जदार कोण होता हे बाजूला ठेवून निकाल वाचला तर तर्क निर्दोष वाटतो. पण त्याचा परिणाम असा की जन्मठेपेच्या कैद्याच्या खात्यावर दिवस जमा होत राहतात आणि ते हक्काने काढता मात्र येत नाहीत. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम आले. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातील जन्मठेपेच्या कैद्याने किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढलीच पाहिजेत, असा त्याचा आशय. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. महाराष्ट्राच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी गुन्ह्यांचे प्रकार पाडून प्रत्येकास माफीसह एकूण वर्षे ठरवून दिली. चौदा वर्षांची अट कायम राहिली, तरी दिवसांना काही मोल आले. अखेरचा शब्द अर्थातच मंत्रालयाचा.

हा विवेक शासनाकडे असूच नये, असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरातने २००२ च्या दंगलीतील सामूहिक बलात्कार व हत्यांच्या एका खटल्यातील अकरा जन्मठेपेच्या कैद्यांना मुदतपूर्व सोडले, तेव्हा देशभर उमटलेला संताप रास्त होता. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला असल्यामुळे निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हे, हा त्यातील कळीचा मुद्दा. ज्या बाईने इतकी वर्षे न्याय मागितला तिला ती बातमी कशी लागली असेल, याचा विचार शिक्षामाफीच्या प्रत्येक समर्थकाने करावयास हवा. माझे म्हणणे इतकेच, की अशा मर्जीच्या सुटकेमुळे बदनाम होतो तो दिवसागणिक श्रम करून माफी मिळवणारा बंदी. त्याची माफी आणि ही माफी एकाच शब्दाने ओळखल्या जातात, हे मराठीचे आणि कायद्याचेही दुर्दैव.

परदेशस्थ वाचकांना तेथील प्रकार ठाऊक असतीलच. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानुसार संघीय तुरुंगात मान्य कार्यक्रमांच्या दर तीस दिवसांमागे दहा, काहींना पंधरा दिवस जमेस धरतात. अनेक गुन्हे मात्र वगळले आहेत. ब्राझीलमध्ये तीन दिवसांच्या कामास एक दिवस, बारा तासांच्या अभ्यासास एक दिवस, आणि २०१२ पासून संघीय तुरुंगांत एक पुस्तक वाचून त्यावर टिपण लिहिल्यास चार दिवस, वर्षाला बारा पुस्तकांपर्यंत. वाचनाची ही योजना ऐकून आपली मंडळी हरखून जातात. मला तिच्यात एक खोच दिसते. लिहितावाचता येणारा कैदी पटपट दिवस कमावतो. निरक्षर शेतमजूर मागे राहतो. आपल्या तुरुंगांत दुसऱ्या प्रकारची माणसे थोडी नाहीत. नांगर धरणाऱ्याला जेथे पदवीधराइतकाच भाव मिळतो अशी जागा म्हणजे खुली वसाहत, आणि आटपाडीचे मोठेपण मी येथे मानतो.

उत्साही अधिकारी खुल्या कारागृहांचे यश सांगताना पळून जाणाऱ्यांची संख्या किती नगण्य, याचा दाखला देतात. तो जपून वापरावा. तेथे जाणारा बंदी आधीच निवडलेला, बरीच शिक्षा भोगलेला आणि सुटकेच्या जवळ आलेला असतो. अशा माणसाने पळू नये यात नवल नाही. नवल होते ते १९३९ साली, निवडीचे निकष आणि दर ठरण्यापूर्वी माणसे माळावर नेली गेली यात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जेथे मुदतपूर्व सुटकेचे धोरण आहे तेथे पात्र बंद्याच्या अर्जाची वाट न पाहता शासनाने स्वतःहून विचार करावा. अंमलबजावणीसाठी मोठा खर्च नको. प्रत्येक बंद्याला दर तीन महिन्यांनी त्याच्या भाषेत एक कागद मिळावा : वर्तनाचे दिवस इतके, कामाचे इतके, परीक्षेचे इतके, कापलेले इतके व कोणत्या कारणासाठी, आणि प्रकरण विचारार्थ येण्याचा महिना अमुक. बँकेच्या पासबुकात असते तेवढेच. ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचून दाखवावा, आणि वाचून दाखविल्याची सही घ्यावी.