तोळाभर रुपया

चांदीचा रुपया आपल्याकडे आधी वाजवून बघत. पण नाद आणि वजन यांवर सगळे निभत नाही. कंपनी सरकारने १८३५ साली ठरवलेला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा (११.६६ ग्रॅम), बारा भागांत अकरा भाग चांदी. पुढे पोर्तुगिजांनी इंग्रजांशी करार केला आणि १८८१ साली गोव्यासाठी राजा लुईशच्या मुद्रेचे 'रुपिया' नाणे निघाले, तेही याच मापाचे, कलकत्त्याच्या टाकसाळीत पाडलेले! गोम आहे ती १९४० नंतर. चांदी निम्म्यावर आली, वजन मात्र तोळाभरच राहिले. म्हणून आजीच्या गाठोड्यातले रुपये तराजूत टाकण्याआधी साल वाचा. सहाव्या जॉर्जचा १९४० नंतरचा रुपया राणीछापाच्या भावाने घेणारा चांदीच्या दराने तांबे विकत घेतो.