अमेरिकन इंग्रजीतील प्रादेशिक उच्चारभेद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेहमीच्या वापरातले इंग्रजी शब्दही प्रदेशपरत्वे निरनिराळे उच्चारले जातात. हे भेद मुख्यतः स्वरांचे असून व्यंजनांपैकी ‘र’ तेवढा महत्त्वाचा आहे. त्यांच्या सीमा राज्यांच्या सीमांशी क्वचितच जुळतात; पूर्व किनाऱ्यावरून वस्ती ज्या वाटांनी आत सरकली, त्या वाटा मात्र त्यांत स्पष्ट दिसतात.

बॉस्टन व पूर्व न्यू इंग्लंड, जुने न्यूयॉर्क आणि दक्षिणेचा किनारी मुलूख येथे स्वरानंतरचा ‘र’ गळत असे. ‘पार्क’चा ‘पाक’ आणि ‘कार’चा ‘का’ बॉस्टनमध्ये अजून ऐकू येतो. या बंदरांचे लंडनशी निकटचे संबंध होते आणि ‘र’ गाळण्याची रीत तिथलीच. फिलाडेल्फियाने मात्र, तेही मोठे बंदर असूनही, ‘र’ सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिष्ठेचे पारडे ‘र’ उच्चारण्याकडे झुकले. १९६२ मध्ये विल्यम लबोव्ह या भाषावैज्ञानिकाने न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत, चौथ्या मजल्यावरच्याच विभागाचा पत्ता विचारून, विक्रेत्यांकडून ‘फोर्थ फ्लोअर’ वदवून घेतले; मग ऐकू न आल्यासारखे करून पुन्हा वदवले. श्रीमंतांच्या ‘सॅक्स’मध्ये ‘र’ सर्वाधिक उमटला, ‘मेसीज’मध्ये त्याहून कमी आणि स्वस्ताईच्या ‘क्लाइन’मध्ये सर्वांत कमी. इतक्या थोड्या खर्चात इतके सांगून जाणारी पाहणी विरळाच.

दक्षिणेत अनुनासिक व्यंजनाआधीचे ‘ए’ आणि ‘इ’ एक होतात, म्हणजे ‘पेन’ आणि ‘पिन’ सारखेच ऐकू येतात; म्हणून तिथे लेखणीला ‘इंक पेन’ म्हणण्याची सवय आहे. ‘ग्रीसी’चा दक्षिणेत ‘ग्रीझी’ होतो. हा भेद भाषाभ्यासक जॉर्ज हेंपल यांनी १८९६ मध्येच नोंदवला होता. पश्चिमेत ‘खाट’ या अर्थाचा आणि ‘पकडले’ या अर्थाचा ‘कॉट’ यांत फरक उरलेला नाही. (मराठी लेखनात ते दोन्ही आधीपासूनच एक आहेत.)

सिरॅक्यूज, बफलो, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, शिकागो या पट्ट्यात विसाव्या शतकात स्वरांची साखळीच सरकली, म्हणजे एक स्वर दुसऱ्याच्या जागी आला आणि दुसरा तिसऱ्याच्या. शिकागोकराचा ‘ब्लॉक’ परक्या कानाला ‘ब्लॅक’ वाटू शकतो. १८२५ मध्ये खुल्या झालेल्या ईरी कालव्यामुळे इथे न्यू इंग्लंड व न्यूयॉर्ककडची माणसे मोठ्या संख्येने आली. त्यांच्या बोलींच्या सरमिसळीतून हा बदल सुरू झाला, असे लबोव्ह यांचे मत होते.

अमेरिकेत पद्धतशीर बोलीनकाशांचे काम भाषावैज्ञानिक हान्स कुराथ यांनी सुरू केले; त्यांचा न्यू इंग्लंडचा नकाशासंग्रह १९३९–४३ मध्ये निघाला. लबोव्ह, शेरन अ‍ॅश आणि चार्ल्स बोबर्ग यांनी दूरध्वनीवरील मुलाखतींच्या आधारे २००६ मध्ये उत्तर अमेरिकन इंग्रजीचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. दूरचित्रवाणीमुळे सगळे एकसारखे बोलू लागतील, ही अपेक्षा त्यात खोटी ठरली. मोठ्या शहरांचे स्वर उलट एकमेकांपासून दूर गेलेले आढळले. उत्तरेकडील शहरांच्या तरुण पिढीत मात्र ती सरकलेली साखळी आता मागे फिरू लागली आहे.