वाढवून सांगितलेलं वय: नाझी वेठबिगारीतली मुलं आणि एक कुमार-कादंबरी

युद्धातल्या मुलांविषयी बोलताना आपण बॉम्बहल्ले, छळछावण्या, निर्वासितांचे तांडे यांबद्दल बोलतो. वेठबिगारीला धरलेली मुलं मात्र सहसा राहून जातात. आज आपण त्यांच्याकडे वळू, आणि तेही एका कुमार-कादंबरीच्या वाटेने.

मार्शा फोर्चुक स्क्रिपुच या युक्रेनी वंशाच्या कॅनेडियन लेखिका. त्यांची 'मेकिंग बॉम्ब्ज फॉर हिटलर' ही कादंबरी २०१२ साली आली. तिची नायिका लिडा, जेमतेम आठ-नऊ वर्षांची युक्रेनी मुलगी. जर्मन तिला छावणीत नेतात आणि पुढे बॉम्बच्या कामाला जुंपतात. लिडा तगते, कारण ती आपलं वय वाढवून सांगते. आपण कामाच्या आहोत, एवढंच तिला सिद्ध करायचं असतं.

हे वय वाढवणं का महत्त्वाचं, ते आता बघू. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर स्वारी केली. जर्मन पुरुष आघाडीवर, शेतं आणि कारखाने माणसांवाचून अडलेले. मार्च १९४२ मध्ये फ्रित्झ साउकेल या नाझी अधिकाऱ्याकडे मजूर मिळवण्याचं काम सोपवलं गेलं. सुरुवातीला जाहिराती लावून माणसं बोलावली. ती पुरेनात, तेव्हा बाजारांतून, खेड्यांतून धरपकड सुरू झाली. या मजुरांच्या छातीवर 'ओस्ट', म्हणजे 'पूर्व', अशी निळी-पांढरी पट्टी शिवलेली असे. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीत युद्धकैदी धरून सुमारे ७६ लाख परदेशी माणसं राबत होती.

यात मुलं चुकून सापडली असतील, असं कुणाला वाटेल. पण तसं नाही, बरं का. जून १९४४ मध्ये 'हॉय-आक्त्सिओन' नावाची योजना आखली गेली: पूर्व आघाडीमागच्या प्रदेशातून १० ते १४ वयाची ४० ते ५० हजार मुलं उचलून जर्मनीत आणायची. त्यामागचा हेतू कागदावर नोंदलेला आहे. शत्रूची पुढची पिढीही खच्ची करायची होती. हा कागद पुढे न्यूरेम्बर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून आला.

आता खरी अडचण ऐका. इतिहासाचा अभ्यास कागदावर चालतो. पण ज्या मुलीने जीव वाचवायला वय वाढवून सांगितलं, ती कागदावर मोठीच दिसणार. म्हणजे जिच्यावर अन्याय झाला, तिचं बालपण नोंदीतूनच पुसलं गेलं. तेही तिच्याच तोंडून, नाइलाजाने.

युद्ध संपल्यावरही बोलायची सोय नव्हती. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा करारानुसार सोव्हिएत नागरिकांना परत पाठवायचं ठरलं. परतलेल्यांची झडती-चौकशी झाली. शत्रूसाठी राबलेली माणसं, हा संशय पुढे कित्येक वर्षं त्यांच्या मागे राहिला. मग घरातही गप्प राहणं आलं. जर्मनीने २००० साली कायदा करून भरपाईसाठी प्रतिष्ठान उभारलं. २००७ पर्यंत सुमारे १६ लाख ६० हजार लोकांना पैसे मिळाले. पण अर्ज करायचा तर पुरावा हवा. साठ वर्षांपूर्वीचा कागद शोधण्याची वेळ म्हाताऱ्या माणसांवर आली.

म्हणून अशा कादंबरीची गरज आपल्याला वाटते. ती पुरावा नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवू. लिडा आणि तिच्या मैत्रिणी बॉम्ब निकामी करू बघतात. तो भाग वाचताना मुलांना सांगावं की ही कल्पना आहे, आणि बहुतेकांच्या वाट्याला नुसतं टिकून राहणं आलं. पण नोंदवहीत जो आकडा लिहिला गेला, तो सांगताना समोर उभी असलेली मुलगी किती लहान होती, हे कादंबरी दाखवू शकते. नोंदवहीला ते जमत नाही.

तेव्हा घरातल्या मुलांबरोबर हे पुस्तक वाचाल, तर एक प्रश्न जरूर विचारा: लिडा खोटं बोलली, मग गुन्हा कुणाचा? उत्तर त्यांनाच शोधू द्या.