जॉबर : गिरणीने घडवला, गिरणीनेच मोडला

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास लिहिताना मालक, पुढारी आणि संप यांना पानेच्या पाने मिळतात. जॉबर दोन ओळींत उरकला जातो, आणि त्या दोन ओळींत लाच आणि दादागिरी यांखेरीज फारसे काही नसते. हा दोषारोप खोटा नाही, पण अपुरा आहे. सूत काढणाऱ्या साच्यावर किंवा कापड विणणाऱ्या मागावर साधा कामगार म्हणून लागलेला माणूस पुढे त्याच खात्यात माणसे भरणारा, त्यांना काम शिकवणारा आणि त्यांच्यावर देखरेख करणारा होई. इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतकी वर्षे चाललेली अशी दुसरी बढतीची वाट आपल्याकडच्या आधुनिक उद्योगात क्वचितच सापडेल. ती वाट बदनाम झाली, कारण मालकांनी भरती, शिक्षण आणि शिस्त ही तीन कामे एकाच माणसाच्या गळ्यात घातली, मोबदला एकाच कामाचा दिला आणि हिशेब कशाचाच मागितला नाही. सुधारणेच्या काळात या तिन्ही कामांची फारकत झाली. तेव्हा भरती आणि शिस्तीला नवे धनी मिळाले; शिक्षण मात्र बेवारस राहिले.

कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली, तेव्हा मुंबईत यंत्रावर सूत काढणारा कामगार नव्हताच. यंत्रे लँकेशायरहून आली, मास्तर आले तेही बरेचसे तिथूनच, आणि त्यांच्या जोडीला पुढे पारशी मास्तर तयार झाले. हात मात्र कोकणातले आणि घाटावरचे. १९११ च्या जनगणनेत गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. मास्तरला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना यंत्र ठाऊक नव्हते, आणि या दोघांमधली जागा भरून काढील असा माणूस बाहेरून आणणे शक्य नव्हते. तो खात्यातूनच घ्यावा लागला. पोरवयात भरलेल्या बाबिनी काढायला लागलेला मुलगा तुटलेले धागे जोडू लागे, मग त्याच्याकडे साच्याची बाजू येई, आणि त्यातला चलाख, यंत्राची नाडी ओळखणारा एखादा पुढे जॉबरचा मदतनीस होई. तिथून जॉबर, आणि नशीब असेल तर सगळ्या खात्याचा हेड जॉबर. ही शिडी खरोखरच तळापासून सुरू होई. सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घेऊ नये, असा कायदा १८८१ मध्ये करावा लागला, यावरून ती किती खालून सुरू होत असेल याचा अंदाज येतो.

हा माणूस शिकवत काय होता, हे जवळून पाहिले पाहिजे. साचा चालू असताना धागा तुटतो. फिरत्या चातीला बोटाने थांबवून बाबिनीवरचे टोक शोधायचे, ते वरून उतरणाऱ्या तंतूला लावायचे आणि त्याच क्षणी चाती सोडायची. लवकर सोडली तर धागा पुन्हा तुटतो, उशीर झाला तर गाठोळी पडते आणि ती पुढे मागावर नडते. हे फळ्यावर शिकवता येत नाही. खात्यातल्या आवाजात बोलणेही ऐकू येत नाही. हाताला हात लावूनच ते द्यावे लागते. नवा पोऱ्या भावाच्या किंवा गाववाल्याच्या साच्याशेजारी बिनपगारी उभा राही आणि जॉबर येता-जाता त्याचा हात सुधारी. साचा बिघडला की तो दुरुस्त करणाराही जॉबरच, त्यामुळे त्याचा शब्द निव्वळ अधिकाराचा नसे, जाणकाराचा असे. १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने गिरण्यांना शिकलेले मास्तर पुरवले. साच्यावरचा कामगार घडवणे हे तिचे काम नव्हते. लाखभराहून जास्त कामगारांचा हा धंदा उभा राहिला तो मुख्यत्वे जॉबरच्या आणि जुन्या कामगारांच्या शिकवणीवर, आणि तिच्यासाठी मालकांनी वेगळी दमडीही मोजली नाही.

भरतीचेही तसेच. जॉबर म्हणजे गावच्या पाटीलकीची शहरात आलेली सावली, असे एक मत बरीच वर्षे चालत आले. पुरावा त्याला पुरता साथ देत नाही. मुंबईच्या जॉबरला माणसे आणायला सहसा गावोगाव हिंडावे लागत नव्हते. ती गिरणीच्या दारातच उभी असत. कापसाचे भाव, चीनमधली सुताची मागणी आणि कामगारांचे खाडे यांमुळे रोज किती हात लागतील हे आदल्या दिवशी सांगता येत नसे. पहाटे भोंग्याच्या वेळी दारात जमलेल्या बदली कामगारांतून त्या दिवसापुरती माणसे उचलायची, हे काम वस्तीत राहणाऱ्या, कोण आजारी, कोण गावी गेला आणि कोणाचा हात कसा आहे हे ठाऊक असणाऱ्या माणसालाच जमणारे होते. १८९६ मध्ये प्लेग आला आणि कामगार गावाकडे पळाले. त्या टंचाईत मजुरांसाठी रस्त्याच्या नाक्यांवर चढाओढीने बोली लागल्याची नोंद आहे. जुनी निष्ठा हेच जॉबरचे बळ असते, तर ही चढाओढ लागलीच नसती. इतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी जॉबरकडे व्यवस्थापनाची गरज म्हणून पाहिले. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी पुढे दाखवले की त्याची सत्ता वाटते तितकी भक्कम नव्हती. दुसरा जॉबर, वस्तीतला सावकार, चाळीतले शेजारी आणि खुद्द कामगार तिला सतत कातरत असत.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. जॉबर दस्तुरी घेई, नोकरी लावायला आणि टिकवायला पैसे उकळी, व्याजाने पैसे देई, आणि स्त्रियांच्या खात्यांत नाईकीण तेच करी. हे खरे आहे, आणि त्यात माणसांचे हाल झाले हेही खरे. पण दस्तुरी उगवली कुठून? भरतीचा अधिकार तोंडी होता, कामगाराच्या नोकरीची कागदावर धड नोंद नव्हती, पगार उशिरा होत, आणि आज मिळालेले काम उद्या मिळेलच याची खात्री नव्हती. माग खात्यात तर जॉबरचा मेहनताना पुष्कळदा त्याच्या मागांवरच्या उत्पादनाशी बांधलेला असे. ज्याच्या हाती रोजच्या भाकरीचा निर्णय आहे आणि ज्याला त्याचा जाब कुणी विचारत नाही, तो तळातून वर आलेला असो की विलायतेहून उतरलेला, त्याच्या हाताला पैसा चिकटणारच. मालकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांना ते स्वस्त पडत होते.

दुसरा आक्षेप जातीचा आहे, आणि तो याहून खोल जातो. त्या काळच्या धोट्यात बाण्याचे सूत ओवताना विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घेई. या उष्ट्याची सबब सांगून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना माग खात्यात, म्हणजे जास्त कमाईच्या खात्यात, पायच ठेवू दिला जात नसे. ते बरेचसे रिंग खात्यात अडकून राहत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. आपल्यातलाच आपल्याला शिकवतो, ही व्यवस्था ज्याला ‘आपल्यातला’ मानले त्याच्यापुरतीच खुली होती, हे इथे उघडे पडते. नात्यागोत्यातून मिळणाऱ्या शिक्षणाची ही मर्यादा जॉबरच्या कौशल्याचे कितीही गोडवे गाऊन झाकता येणार नाही. मात्र ही बंदी एकट्या जॉबरने घातलेली नव्हती. ती सवर्ण विणकरांनी राबवली आणि मालकांनी चालवून घेतली. धोट्यात सूत ओवण्याची दुसरी रीत आणणे किंवा खाते सर्वांना खुले आहे असा नियम करणे, या दोन्ही गोष्टी मालकांच्याच हातच्या होत्या.

जॉबरचे आसन पहिल्यांदा हलवले ते कामगारांनीच. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला आणि त्यात दीड लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यातून वाढलेल्या गिरणी कामगार युनियनने गिरणीगिरणीत समित्या उभ्या केल्या. तक्रार जॉबरमार्फत न नेता थेट वर नेण्याची वाट या समित्यांनी दाखवली. दंड, खाडा, बदली या गोष्टी आता कुणा एकाच्या मर्जीवर राहणार नाहीत, असा त्याचा अर्थ होता. शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात भरती आणि बडतर्फीचे अधिकार जॉबरकडून काढून मजूर अधिकाऱ्याकडे द्यावेत अशी शिफारस केली, ती या पार्श्वभूमीवर. १९३४ च्या कायद्याने सरकारी मजूर अधिकारी आला. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांना दरमहा कार्डे देण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे रोजची माणसे कार्डवाल्यांतूनच घ्यायची. १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. ती पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली, आणि मजूर अधिकारी होऊ पाहणारे तिथे शिकू लागले. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला.

यातले प्रत्येक पाऊल न्याय्य होते. कार्डामुळे पहाटेच्या दारातली मनमानी आवरली, आणि नोंद झाल्यामुळे कामगाराला दाद मागायला आधार मिळाला. पण या साऱ्या सुधारणांचा रोख कोणाला घ्यायचे आणि कोणाला काढायचे यावर होता. घेतलेल्याला कोणी आणि कसे शिकवायचे, याकडे तितके लक्ष गेले नाही. जॉबर खात्यात राहिलाच, शिकवतही राहिला, पण आता ते त्याच्या पदाचे मानाचे काम उरले नाही. उलट ज्या खुर्चीत बसून माणसे निवडायची ती खुर्ची पदवीधराची झाली. बाबिनी काढणाऱ्या पोराला तिथवर पोहोचण्याची वाट जवळजवळ बंद झाली. नव्या अधिकाऱ्याला कायदा कळे, फाइल कळे. चाती सोडायला किती उशीर झाला की गाठोळी पडते, हे कळण्याची त्याला गरजच राहिली नाही. तो निःपक्ष होता असेही सरसकट म्हणता येत नाही, कारण युनियनला शह देण्याचे साधन म्हणून मालक त्याच्याकडे पाहत.

मग जॉबर परत आणायचा का? मुळीच नाही. प्रश्न जॉबरच्या माणूसपणाचा नव्हता, त्याच्या पदाच्या रचनेचा होता, आणि रचना बदलता आली असती. काम जाणणाऱ्याच्या हाती शिकवणे ठेवायचे, त्यासाठी त्याला वेगळा पगार आणि प्रशिक्षण द्यायचे, भरतीत त्याचे मत घ्यायचे पण निर्णय नोंदीवर आणि समितीसमोर करायचा, आणि खात्याचे दार जातीकडे न पाहता उघडायचे. यातले काहीच त्या काळी अशक्य नव्हते. आज कारखान्यांत ठेकेदारामार्फत माणसे येतात, तेव्हा जॉबरचे दोष नव्या वेषात परततात. दलाली आहे, अनिश्चितता आहे, नोंदीचा घोळ आहे. मात्र जॉबरला साचा दुरुस्त करता येई आणि नवख्याचा हात तयार करता येई. ठेकेदाराकडून तेवढीही अपेक्षा कुणी करत नाही. लाचखोर म्हणून जॉबरला हटवताना आपण लाचेची मुळे जमिनीत ठेवली आणि त्याच्याकडची विद्या तेवढी उपटून टाकली, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे. खालून वर आलेल्या माणसाच्या हाती भरती आणि शिक्षण सोपवायला जे उद्योग आजही कचरतात, त्यांनी गिरणगावाचा दाखला देण्याआधी तिथली चूक नेमकी कोणाची होती हे तपासून पाहावे.