कॅलिफोर्नियाच्या ओक-गवताळ पायथ्यांवरील चिकणमाती

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी व किनारी पर्वतरांगांच्या उतारांवर भेगाळणारी भारी चिकणमाती आढळते. हा प्रदेश गवताळ माळ व विरळ ओक वृक्षांचा आहे. स्थानिक बोलीत या मातीला ‘अडोबी’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिश भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ उन्हात वाळवलेली कच्ची वीट असा आहे. महाराष्ट्रातील काळ्या कापसाच्या जमिनीशी या मातीचे जवळचे नाते आहे.

निर्मिती

किनारी पर्वतरांगांत ही माती मुख्यतः शेल व बारीक कणांच्या वालुकाश्माच्या अपक्षयातून तयार झाली आहे. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी ती कॅल्शियम व मॅग्नेशियम विपुल असलेल्या गडद अग्निजन्य खडकांपासून किंवा त्यांच्या वाहून आलेल्या गाळापासून बनते. ही मूलद्रव्ये मुबलक असून पाण्याने पूर्णपणे धुऊन जात नाहीत, अशा ठिकाणी स्मेक्टाइट गटातील चिकण खनिजे निर्माण होतात. पायथ्यावरील सर्वच जमीन मात्र चिकण नाही. ग्रॅनाइटवर तयार झालेली माती बहुधा वालुकामय व हलकी असते.

गुणधर्म

चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान असतात. स्मेक्टाइटचे स्फटिक पातळ थरांचे असून थरांमध्ये पाणी शिरले की ते फुगतात आणि पाणी निघून गेले की आकसतात. त्यामुळे पावसाळ्यात माती चिकट होते, तर उन्हाळ्यात ती दगडासारखी कठीण होऊन तिला खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते. पुढील पावसात खालचा थर फुगला की त्याला जागा अपुरी पडते आणि मातीचे गठ्ठे एकमेकांवर घासून सरकतात. या घर्षणाने त्यांच्या पृष्ठांवर गुळगुळीत, चकचकीत खुणा उमटतात.

पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून वेगाने खोल जाते. भेगा मिटल्यानंतर मात्र पाणी अतिशय सावकाश मुरते व उतारावरून वाहू लागते. ही माती पाणी भरपूर धरून ठेवते. पण त्यातील बराच भाग कणांना इतका घट्ट चिकटलेला असतो की मुळांना तो शोषता येत नाही. स्मेक्टाइटची धनायन-विनिमय क्षमता मोठी असल्याने पोषकद्रव्ये सहज धुऊन जात नाहीत. खालच्या थरांत अनेकदा चुना साचलेला आढळतो.

शेतात पोत ओळखण्याची रीत सोपी आहे. ओली माती अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबत पुढे सरकवली असता ५ सेंटिमीटरपेक्षा लांब पट्टी न तुटता तयार झाली, तर ती चिकणमाती समजावी.

वर्गीकरण

अमेरिकी मृदा वर्गीकरणात अशा माती ‘व्हर्टिसॉल’ या गणात मोडतात. हे नाव ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आले आहे. भूमध्यसागरी हवामानातील व्हर्टिसॉलच्या उपगणास ‘झेरर्ट’ म्हणतात. सिंचन नसताना दक्षिणायनारंभानंतरच्या ९० दिवसांपैकी किमान सलग ६० दिवस भेगा उघड्या आणि उत्तरायणारंभानंतरच्या ९० दिवसांपैकी किमान सलग ६० दिवस मिटलेल्या असणे ही त्याची ओळख आहे. डायाब्लो, आल्टामाँट, सिबो व पोर्टरव्हिल या मृदा-मालिका याच उपगणातील आहेत.

वनस्पती

या प्रदेशाचा प्रमुख वृक्ष निळा ओक (क्वेर्कस डग्लसाय) हा असून तो केवळ कॅलिफोर्नियातच नैसर्गिकरीत्या आढळतो. सर्वांत भारी चिकणमातीवर साधारणतः गवताचे वर्चस्व असते, तर खडकाळ किंवा हलक्या जमिनीवर ओक अधिक दिसतात. ओकच्या छायेखालील मातीत पालापाचोळ्यामुळे सेंद्रिय कार्बन व नत्र भोवतालच्या उघड्या माळापेक्षा अधिक असते. वृक्ष तोडल्यावर ही सुपीकता हळूहळू ओसरते.

१७६९ पासून स्पॅनिश वसाहती सुरू झाल्या आणि पुढे रानओट, ब्रोम यांसारखी भूमध्यसागरी वार्षिक गवते सर्वत्र पसरली. जांभळे सुईगवत हे देशी बहुवर्षायू गवत त्यामुळे मागे पडले. २००४ साली त्यास राज्य-गवताचा दर्जा मिळाला. वार्षिक गवते वसंतात वरच्या थरातील ओलावा झपाट्याने संपवतात. या स्पर्धेमुळे, तसेच गुरे, हरिणे व कृंतक प्राणी यांच्यामुळे ओकची अनेक रोपे तगत नाहीत. अनेक ठिकाणी जुने वृक्ष उभे असून त्यांची जागा घेणारी तरुण झाडे मात्र विरळ आहेत.

उपयोग व समस्या

ही जमीन मुख्यतः चराईसाठी वापरली जाते. सिंचनाखालील काही भागांत लिंबूवर्गीय फळबागा आहेत. मशागतीस योग्य असा वाफसा फार थोडे दिवस टिकतो. ओल्या जमिनीत गुरे सोडल्यास ती तुडवली जाऊन घट्ट होते.

उतारावर ही माती सावकाश खाली सरकते, तर अतिवृष्टीत दरडी कोसळतात. खोल मुळांची झाडे काढल्यास हा धोका वाढतो. मातीच्या फुगण्या-आकसण्यामुळे घरांच्या भिंतींना तडे जातात आणि रस्ते उंचसखल होतात. मातीचे रेषीय प्रसरण ६ ते ९ टक्के असल्यास धोका ‘उच्च’ व ९ टक्क्यांहून अधिक असल्यास ‘अतिउच्च’ मानतात. ओलावा फारसा न बदलणाऱ्या खोलीपर्यंत पाया नेणे आणि पावसाचे पाणी घरापासून दूर वळवणे हे मुख्य उपाय होत.

महाराष्ट्रातील काळ्या मातीशी तुलना

दख्खनची काळी माती बेसाल्टपासून बनलेली असून तिच्यातही स्मेक्टाइट हेच प्रमुख चिकण खनिज आहे. तिचा समावेश व्हर्टिसॉलच्या ‘उस्टर्ट’ उपगणात होतो. महत्त्वाचा भेद पावसाच्या ऋतूचा आहे. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत रुंदावलेल्या भेगा मोसमी पावसाने मिटतात, आणि साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी पिकते. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. जून ते सप्टेंबर या काळात, दख्खनची माती ओली असताना, तेथील जमीन भेगाळलेली असते. बांधकामाची अडचण मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. भारतात काळ्या मातीसाठी रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर भाग असलेल्या खोल खांबांचा पाया विकसित केला.